मागे कुणी नसलेली गाडी

एखादा माणूस अकरा वर्षं रोज डोळ्यांसमोर असला, म्हणजे तो आपल्याला कळला असं मी समजत होते. मी मराठीची शिक्षिका, बावीस वर्षं मुलांना माणसं कशी वाचायची ते शिकवते आहे, त्यामुळे या बाबतीत मला जरा गर्वच होता. तो गर्व जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी, नागापूरच्या एका दोन खोल्यांच्या घराच्या दारात, चप्पल काढता काढता उतरला.

मी राहते नगरात आणि शिकवते पारनेरला. पाटीवर अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडून नगरच निघतं. सकाळी नऊची पारनेर गाडी, ड्रायव्हरच्या बरोबर मागची सीट, आणि पुढे जाळीपलीकडे पुंजाराम गर्जे यांची पाठ. अकरा वर्षं हा माझा दिनक्रम. गर्जे मूळचे पाथर्डीकडचे. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, हे मात्र ड्रायव्हरचा बिल्ला काढून एसटीत लागले. किडकिडीत अंग, पांढरी होत आलेली मिशी, बोलणं जवळजवळ नाहीच. सीटखाली एक छोटी केरसुणी ठेवलेली असायची. तिनं आपली जागा स्वतः झाडायची, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग गाडी काढायची.

त्यांच्यासारखी गाडी चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही. गतिरोधक कधी आला ते कळायचं नाही. कुत्रं आडवं आलं तरी गाडी थांबायची. डेपोतले लोक चिडवायचे, "गर्जे रोज नवरीची वरात घेऊन चाललाय." पोरं मोटरसायकली आडव्या घालायची, वर शिव्या द्यायची, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अर्धा रस्ता अडवून चालायचे, पण गर्ज्यांच्या मानेची शीरसुद्धा हलायची नाही. शिव्या मागून मीच द्यायचे, म्हणजे बाईमाणसाला शोभतील एवढ्याच. आणि रोज सीटवर बसताना न चुकता म्हणायचे, "सावकाश हं, गर्जेभाऊ." ज्या माणसाला हे सांगायची गरज कुणालाच नव्हती, त्याला मी अकरा वर्षं ते सांगत होते. शिक्षकाचं तोंड, दुसरं काय!

एक विचित्र गोष्ट मला ठाऊक होती. घरच्या माणसाला ते आपल्या गाडीत बसू देत नसत. त्यांची बायको भागूबाई हिची बहीण भाळवणीला, म्हणजे आमच्याच रस्त्यावर दिलेली. तिच्याकडे जायचं तर भागूबाई नऊची गाडी सोडून नंतरच्या गाडीनं यायची. ही हकीकत कंडक्टर करणनं मला सांगितली होती. मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस आहे, लाजत असेल.

तर त्या शनिवारी सकाळची शाळा आटोपून येताना मी आठवीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा गाडीतच विसरले. रविवारी करणचा फोन आला. "बाई, तुमचा गठ्ठा गर्जेमामांकडं हाय. स्टँडवर कुठं पडू द्यायचा, म्हणून घरी नेलाय. नागापूरला जाऊन घ्या."

रिक्षा करून गेले. गल्लीत शिरले आणि जागीच थबकले. धडाड असा आवाज, काचा फुटण्याचा आवाज, टायर किंचाळल्याचा आवाज. मला वाटलं, पलीकडच्या कंपनीच्या रस्त्यावर दोन गाड्या भिडल्या. मग माणसाचं ओरडणं ऐकू आलं.

"हाण! हाण त्येला! आता बोल की! लई माजला हुतास न्हवं?"

आवाज ओळखीचा होता, पण असला सूर त्या गळ्यातून मी कधी ऐकला नव्हता. दार उघडंच होतं.

आत भागूबाईचं शिवणयंत्र टीव्हीपुढे ओढलेलं. त्याच्या फळीला एक खेळण्यातलं स्टिअरिंग आवळून बसवलेलं, खाली पायानं दाबायची दोन प्लास्टिकची पेडलं. आणि बनियनवर, खाकी पँट घालून, स्टुलावर बसलेले पुंजाराम गर्जे. टीव्हीवर चिखलाचं एक मैदान होतं आणि त्यात वीसेक मोडक्या मोटारी. ही शर्यत नव्हती. कुणाला कुठे पोचायचं नव्हतं. सगळ्यांनी सगळ्यांवर आदळायचं, आणि शेवटी जी गाडी हलती राहील ती जिंकली. बॉनेट उडत होती, दारं लोंबत होती, धूर निघत होता. गर्जे एका हिरव्या गाडीवर पुन्हा पुन्हा जाऊन आदळत होते आणि हसत होते. तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. त्यांची एक दाढ पडलेली आहे हे मला अकरा वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

मला पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. हात स्टिअरिंगवरून सुटला. टीव्हीवर त्यांची गाडी जागेवर थांबली आणि बाकीच्या येऊन तिला ठोकू लागल्या. आम्ही दोघं ते बघत उभे राहिलो.

"या की, बाई."

"हे काय, गर्जेभाऊ?"

"ग्येम हाय. जयानं आनलाय." जया त्यांची मुलगी, तिथंच एका कंपनीत कामाला.

"तुम्ही खेळता हे?"

"रविवारी. दोन तास." मग काहीतरी सांगायला हवं असं वाटून त्यांनी अगदी शांतपणे समजावलं, "पुढून हानायचं न्हाई. पुढं इंजिन असतंय. रिव्हर्स टाकून मागच्या अंगानं हानायचं. मंग आपली टिकती आन् समोरच्याची खलास."

वर्गात एखादा गुणी मुलगा खिशातून चाकू काढून त्याची धार कशी लावतात ते सांगू लागला, तर जसं वाटेल, तसं मला वाटलं. गठ्ठा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर दोरी बांधून, नीट ठेवला होता. तो माझ्या हातात दिला.

भागूबाई चहा घेऊन आली. तिला कसलाच संकोच नव्हता, उलट ती खुशीत होती. "बघा बाई, कसा हसतो ते! लग्नापासनं ह्यो मानूस असा हसल्याला न्हाई." तिनं कपाटातून मोरपंखी साडी काढून दाखवली. एकोणीस तारखेला नवऱ्याची पंचवीस वर्षं भरत होती, विनाअपघात. एकही ओरखडा नाही, एकही तक्रार नाही. सव्वीस जानेवारीला डेपोत सत्कार होता. "सपत्नीक हाय," ती म्हणाली, आणि तो शब्द तिनं असा उच्चारला की तो खास तिच्यासाठी तयार झाला असावा. "लग्नाला तीस वर्सं झाली. दिवाळीला ड्युटी, जत्रंला ड्युटी. आमी दोघं कुठं जोडीनं बसलोच न्हाई. फेब्रुवारीत रिटायर हुनार, त्येच्या आत ह्यो एक दिस."

मी अर्धा चहा टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जागी बसले, पण "सावकाश हं" काही तोंडातून निघेना. सारा वेळ मी त्यांचे हात बघत होते. नेप्ती नाक्याला एक रिक्षा आडवी घुसली, त्यांचा अंगठा स्टिअरिंगवर जरासा सरकला, आणि मी पुढची दांडी गच्च धरली. भाळवणीला त्यांनी गाडी वळवायला रिव्हर्स घेतला तेव्हा तर मी हातातले पेपर मिटून पिशवीत टाकले. पन्नास माणसं मागे बसलेली, त्यांत माझ्या शाळेची सात लेकरं, आणि पुढे हा माणूस, ज्याला धडक मारताना हसू फुटतं! माणूस आतून असा असतो आणि आपण त्याच्या पाठीमागे अकरा वर्षं डुलक्या काढतो, हे आठवून त्या दिवशी माझा डोळा लागला नाही.

मी तडकाफडकी माणूस आहे. त्याच संध्याकाळी स्टँडवर जाऊन तक्रार पुस्तक मागितलं. दोरीला बांधलेल्या पेनानं, सुवाच्य अक्षरात लिहिलं: "सदर चालक फावल्या वेळात वाहने एकमेकांवर आदळण्याचा खेळ खेळतात व त्यात त्यांना अत्यंत हर्ष होतो, हे मी समक्ष पाहिले आहे. प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने चौकशी व्हावी. सौ. प्रेमला निसळ."

वाहतूक नियंत्रकानं ते दोनदा वाचलं. "बाई, गर्ज्याची तक्रार?"

"हो."

"पंचवीस वर्षांत पहिली आहे ही."

"पहिली कधीतरी असतेच," मी म्हणाले आणि ताठ मानेनं घरी आले.

मंगळवारपासून मी जीपनं जाऊ लागले. जीपमध्ये आम्ही चौदा जण. ड्रायव्हरच्या गालात गुटखा, कानाला मोबाईल, आणि माझी एक मांडी त्याच्या गिअरला टेकलेली. सुरक्षिततेच्या दृष्टीनं मी हा बदल केला होता!

बुधवारी संध्याकाळी मी एक गोष्ट केली ती कुणालाच सांगितली नव्हती. चौकशीत कुणी विचारलं तर खेळाची माहिती असावी म्हणून तसलाच एक खेळ मोबाईलवर उतरवून घेतला. दूध गॅसवर ठेवलं होतं, म्हटलं तापेपर्यंत पाहू. पहिल्या दोन डावांत मी नुसती भिंतीला धडकत होते. तिसऱ्यात समोर एक पांढरी गाडी आली, थेट आमच्या मुख्याध्यापकांच्या गाडीसारखी. मी रिव्हर्स टाकला. मागच्या अंगानं जी दिली, ती गाडीची डिकी चेपून पार मागच्या सीटपर्यंत गेली. माझ्या तोंडून "घे!" असं निघालं. मोठ्यानं. मग आणखी एक दिली, ती गेल्या वर्षी माझी रजा नाकारली म्हणून. भानावर आले तेव्हा जळक्या दुधाचा वास घरभर पसरला होता आणि चाळीस मिनिटं झाली होती. आरशात पाहिलं तर गाल लाल. मला माझीच भीती वाटली. खेळ पुसून टाकला आणि पातेलं घासत बसले.

शुक्रवारी स्टँडवर करणनं मला गाठलं. पोरगा कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी त्याचे डोळे भरले होते. "काय क्येलंत हो, बाई? सोमवारी मामांना चौकशीला बोलावलंय. तवर सत्काराच्या यादीतलं नाव बाजूला ठिवलंय. एकोनीसच्या आत गाडीवरनं उतरवलं तर पंचवीस वर्सं भरत न्हाईत. फुडचा सत्कार मे महिन्यात, आन् मामा तर फेब्रुवारीत घरी बसनार."

"मामींना कळलं का?" मी विचारलं.

"साडी परत कपाटात टाकली त्यांनी."

सोमवारी आगारप्रमुखांच्या खोलीबाहेर बाकावर भागूबाई बसलेली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आत साहेबांनी तक्रार मोठ्यानं वाचली. "हर्ष होतो" या शब्दांवर त्यांचा ओठ हलला, पण हसले नाहीत. "गर्जे, खेळता का तुम्ही हे?"

"व्हय, सायेब."

"असलं काय आहे त्यात? तुमच्यासारख्या माणसाला?"

गर्ज्यांनी हातातली टोपी एकदा फिरवली. मग म्हणाले, "त्या गाडीत मागं कुनी बसल्यालं नसतंय, सायेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"म्या नीट बघितलंय. दार तुटून पडलं की आत दिसतंय. मान्सं न्हाईत. समद्या गाड्या रिकाम्या. आपल्या गाडीत पन्नास असत्यात. पंचवीस वर्सं हितं वज्जं हाय." त्यांनी आपल्या मानेच्या मागं हात ठेवला. "दुसऱ्या रांगंत सुप्याकडची म्हातारी बसती, तिचं गुडघं दुखत्यात, म्हनून ब्रेक जोरात मारायचा न्हाई. शाळंची पोरं उभी असत्यात. बाई पेपर तपाशीत असत्यात, त्यांची रेघ वाकडी व्हती. घरी गेलं तरी मान हालत न्हाई माजी. बायकूला गाडीत बसू देत न्हाई, का तर ती मागं बसली तर हात कापत्याल. आन् त्या ग्येमात बसलो की मान मोकळी व्हती. कुनालाबी हाना, कुनी मरत न्हाई. फुडच्या डावाला समद्या गाड्या नव्या."

मला माझी लाल शाई आठवली. अकरा वर्षांत एकही रेघ वाकडी गेली नव्हती, आणि मला वाटत होतं की ते माझं कसब आहे.

साहेब सुस्कारा टाकून म्हणाले, "मग यात गुन्हा काहीच नाही. घरी कुणी काय खेळावं याला नियम नाही. मी शेरा मारतो आणि—"

"सायेब, थांबा," गर्जे म्हणाले. "अजून एक हाय. तुमी इचारलं न्हाई, पर सांगतो. गेल्या गुरवारी भाळवनीच्या अलीकडं एक पोरगं मोटरसायकलवर आडवं आलं. गाडीवर लाथ मारली, आईवरनं शिवी दिली, आन् फुडं जाऊन नागमोडी चालवाया लागलं. तवा माझ्या पायानं अ‍ॅक्सिलेटर दाबला. ब्रेक न्हाई. एकदाच. गाडी त्येच्या अंगावर सरकली."

साहेबांचा चेहरा उतरला. मी ज्याला भीत होते ते खरंच होतं, आणि ते सिद्ध झाल्याचा मला काडीचाही आनंद होत नव्हता. हा माणूस आठ दिवस गप्प बसला असता तर पंचवीस वर्षं भरत होती. कुणाला कळणारही नव्हतं.

"मग?" साहेबांनी विचारलं.

"मंग मागनं बाईंचा आवाज आला. सावकाश हं, गर्जेभाऊ. रोज म्हनत्यात तसा. पाय आपसूक उचलला. पोरगं वाचलं."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तक्रार तुमची आहे, गाडीत रोज तुम्ही बसता आणि त्या दिवशीच्या साक्षीदारही तुम्हीच दिसता. मी यांना आज उतरवू शकतो, ठेवूही शकतो. तुम्ही सांगा. उद्या यांच्या गाडीत बसाल?"

"गर्जेभाऊ, कोणता वार म्हणालात?"

"गुरवार, बाई."

"मी गुरुवारी तुमच्या गाडीत नव्हते. मंगळवारपासून मी जीपनं जाते आहे. तुमच्या भीतीनं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "असं कसं, बाई? म्या ऐकलं की."

बावीस वर्षं मुलांपुढे बोलून माझा घसा बसला, त्यातलं किती कुणाच्या कानात राहिलं ते देव जाणे. आणि इथं हा माणूस माझा आवाज मी नसतानासुद्धा पाठीवर घेऊन चालला होता. मला रडू आवरेना. बाईमाणसानं चौकशीत रडू नये, पण मी रडले.

"बसेन," मी म्हणाले. "उद्याच बसेन. आणि तो खेळ बंद करायला सांगू नका, साहेब. मी स्वतः खेळून पाहिलाय. माझ्या अंगावर तर पन्नास माणसंही नाहीत, तरी दूध करपेपर्यंत खेळले."

साहेबांनी डोक्याला हात लावला. एक दिवस बाजूला बसवून डॉक्टरकडून तपासून घेतलं, त्या दिवसाची नोंद सेवेतच धरली, आणि बुधवारी गर्जे पुन्हा गाडीवर आले. तक्रार पुस्तकातलं पान फाडता येत नाही. त्याच पानाखाली मी माझी चूक माझ्याच अक्षरात लिहून दिली. एकोणीस तारखेपर्यंतचा एकेक दिवस मी जीव मुठीत धरून काढला, ट्रॉल्यांना शिव्या देत, आणि बसताना रोज "सावकाश हं" म्हणत. आता त्या शब्दांचीच मला धास्ती वाटत होती.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला मी चक्क दांडी मारली, मला ताप आलाय असं मुख्याध्यापकांना कळवून. डेपोत फेटे बांधले गेले. गर्ज्यांचा फेटा सारखा डोळ्यावर येत होता. भागूबाई मोरपंखी साडीत अशी ताठ बसली होती की फोटोवाल्यालाच संकोच वाटला.

कार्यक्रम संपला आणि तिनं नवऱ्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "मला बहिनीकडं भाळवनीला जायचंय. तुमच्या गाडीनं."

गर्ज्यांनी फेटा काढला, गणवेश ठीक केला आणि ते साडेअकराच्या गाडीकडे चालू लागले. मी माझी सीट भागूबाईला दिली आणि तिच्या मागे बसले. करणनं दोनदा घंटी मारली. गाडी निघेना. आरशात गर्ज्यांचे डोळे दिसत होते. स्टिअरिंगवरचे हात खरंच कापत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, काढा की!"

मी भागूबाईला हळूच खांद्याला ढोसलं. "काहीतरी बोला."

"काय बोलू?" ती घाबरून म्हणाली. मग जाळीला तोंड लावून, आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या पाठीशी बोलली, "हळू चालवा. आमी हाये मागं."

गर्ज्यांनी स्टिअरिंगला हात लावला, तो कपाळाला लावला आणि गिअर टाकला. भाळवणी येईपर्यंत गतिरोधक कुठे लागला ते मला कळलं नाही.